मिरच्या मोजू नका, नायकाची वागणूक बघा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या सदरात फोंडा तालुक्यातल्या एका ज्येष्ठ गृहस्थांचं पत्र आलं होतं. प्रणयाच्या नावाखाली खपणारी इंग्रजी घाण वाचनालयांनी विकत घेऊ नये, घेतली असेल ती बाहेर काढावी आणि आमच्या काळातल्या संस्कारक्षम कादंबऱ्या मुलींच्या हाती द्याव्यात, असा त्यांचा एकूण सूर होता. ते पत्र वाचून आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी खरोखरच काही पुस्तकं कपाटात कुलूपबंद केली. त्यातलं एक माझ्यासाठी राखून ठेवलेलं होतं, म्हणून हा पत्रप्रपंच.

मी निवृत्त परिचारिका. नोकरीची बहुतेक वर्षं प्रसूती विभागात गेली. त्यामुळे बाई आणि पुरुष एका खोलीत गेले की पुढे काय होतं हे मला पुस्तकातून कळायचं राहिलेलं नाही, आणि ती पानं वाचून मी बिघडेन अशी भीती आमच्या घरात कोणाला वाटत नाही. यजमान तर म्हणतात, वाच, निदान सिरियलीच्या वेळी टीव्ही मोकळा मिळतो.

प्रणयकथांचा नाद जुना. पणजीत नर्सिंग शिकत होते तेव्हा हॉस्टेलात मिल्स अँड बूनची बारकी पुस्तकं या खाटेवरून त्या खाटेवर फिरायची. ही कंपनी लंडनची, १९०८ सालची. पुढे तिने डॉक्टर आणि नर्स यांच्या प्रेमकथांची वेगळी मालिकाच काढली. मराठी माध्यमातून आलेल्या आम्हा मुलींचं अर्धं इंग्रजी त्या पुस्तकांनी सुधारलं. त्यातल्या सर्जनचे डोळे करडे, खांदे रुंद, आणि ऑपरेशन संपल्यावर तो नर्सला म्हणायचा, तुम्ही होतात म्हणून हे जमलं. माझ्या सबंध नोकरीत हे वाक्य माझ्या कानावर पडलं नाही. पण नाइट ड्युटीवर रात्री दोनच्या सुमाराला ते छापलेलं वाचायलाही बरं वाटायचं, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

हल्लीची पुस्तकं माझ्यापर्यंत आली ती भाचीमुळे. ती वेर्ण्याला औषधांच्या कंपनीत आहे, कंपनीच्या बसमध्ये वाचते. टिकटॉक आपल्याकडे २०२० मध्ये बंद झालं, पण इन्स्टाग्रामवर मुली पुस्तकाबरोबर व्हिडिओ करतात आणि एकीच्या रडण्यावर हजारोंनी प्रती खपतात, हे तिच्याकडूनच कळलं. तिच्या हातात पहिल्यांदा असं पुस्तक पाहिलं तेव्हा त्याच्या कडेनं रंगीत कागदी पट्ट्या बाहेर आलेल्या होत्या. पहिल्या कोऱ्या पानावर पेनाने खुलासा लिहिलेला: पिवळी म्हणजे हसू आलं, गुलाबी म्हणजे गोड, निळी म्हणजे रडले, लाल म्हणजे तिखट. मी सरळ लाल पट्टीवर बोट ठेवून पुस्तक उघडलं तशी ती ओरडली, "मावशे, तें वाचूं नाका गो!" मी वाचलं. मग बाकीच्या लाल पट्ट्याही वाचल्या. मग म्हटलं, आता मधली पानंही वाचून काढूया.

तिखटाबद्दल आधी सांगते, कारण गृहस्थांचा सगळा राग तिथेच आहे. या पुस्तकांना मिरच्या देतात. एक मिरची म्हणजे चुंबन आणि बंद दार, पाच मिरच्या म्हणजे दाराला कडीच नाही. आता काणकोणच्या खोल्याची मिरची तुम्हाला माहीत आहे, जिला भौगोलिक मानांकनही मिळालंय: रंगाला गडद लाल, तिखटाला बेताची. पाच मिरच्यावाली बरीच पुस्तकं तशीच निघतात. नायिका कधी दमत नाही, नायकाची कंबर कधी धरत नाही, शेजारच्या खोलीत सासू खोकत नाही. एका पुस्तकात तर बाळंतपणाला तीन आठवडे झालेत आणि नायिका उत्साहानं तयार. टाके कुठे गेले, दूध भरून आलेली छाती कुठे गेली, रात्री तीन वेळा उठणारं मूल कुठे गेलं? सहा आठवडे थांबा, असं मी नवऱ्यांना किती वेळा बजावलं असेल. त्या लेखिकेला कोणीतरी माझ्या वॉर्डात पाठवायला हवं होतं.

पण एक गोष्ट या पुस्तकांच्या बाजूनं सांगायलाच हवी. त्यातल्या चांगल्या पुस्तकांत नायक विचारतो. हे चालेल का, थांबू का, नक्की का. ती नको म्हणाली तर पाणी आणून देतो आणि फुगून बसत नाही. निरोध कोणाच्या खिशात आहे याचाही उल्लेख असतो, आणि तो प्रसंगाचा विचका न करता. कुटुंब नियोजनाच्या किती भाषणांना मी सतरंज्या घालून बसले आहे. त्यात जे कोणाच्या डोक्यात शिरलं नाही ते इथे दोन ओळींत येतं.

याउलट त्या संस्कारक्षम कादंबऱ्या आठवा. मी त्याही वाचल्यात, रांगेत उभं राहून. नायक नायिकेचं मनगट आवळतो, बांगड्या फुटतात, एक थोबाडीत बसते आणि थोबाडीत बसल्याबरोबर तिला प्रेमाचा साक्षात्कार होतो. पुढचं प्रकरण लग्नाचं. पदर ढळला नाही म्हणून ती कादंबरी स्वच्छ ठरली. मला विचाराल तर पाच मिरच्यांच्या पुस्तकातला विचारणारा नायक त्या खानदानी नायकापेक्षा जावई म्हणून मी केव्हाही पत्करेन.

आणि आमच्या काळात असलं काही नव्हतं, हे तरी कुठे खरं? चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' १९६२ साली 'रंभा'च्या दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेच्या आरोपाखाली कोर्टात गेली. सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचली. १९६९ मध्ये न्यायालयानं ती अश्लील नाही असा निकाल दिला, आणि समाजाची मापं झपाट्यानं बदलताहेत हेही नोंदवलं. गृहस्थांच्या तरुणपणी काकोडकर वाचनालयात मिळायचे, हे त्यांना आठवत असणार. त्याच्याही मागे जायचं तर सातवाहन राजा हालाची 'गाथासप्तशती' घ्या. महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा, आणि त्यांत शेतावरच्या सुना, परदेशी गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बायका आणि शेजाऱ्याकडे बघणाऱ्याही. स. आ. जोगळेकरांनी १९५६ मध्ये ती मराठीत आणली. विद्वानांच्या कपाटात असते, म्हणून तिला कोणी कुलूप लावत नाही.

जत्रेतली नाटकं तर आमच्या गोव्याच्या अंगात भिनलेली. 'सौभद्र' १८८२ सालचं. अर्जुन खोटा संन्यासी होऊन सुभद्रेच्या घरी राहतो आणि ज्याच्यासाठी ती झुरते तोच समोर बसलाय हे तिला माहीत नसतं. माझ्या भाचीच्या भाषेत हा एक ठरलेला साचाच आहे: ओळख लपवलेला नायक, एकाच छपराखाली. दुसरे साचेही तिने मला शिकवले. आधी वैरी मग प्रियकर, खोटं लग्न, तिरसट तो आणि हसरी ती, हॉटेलात खोली एकच आणि खाटही एकच. हे सगळं पुस्तकाच्या पाठीवर आधीच सांगून टाकतात. आमच्या देवळाच्या प्रांगणात तीन पिढ्या मांडीला मांडी लावून 'सौभद्र' बघतात, आणि शेवट ठाऊक असूनही पहाटेपर्यंत कोणी उठत नाही. साचा ठाऊक असला म्हणून रस कमी होत नसतो.

शेवटाचंही तसंच. अमेरिकेतल्या प्रणयकथा लेखकांच्या संघटनेनं व्याख्याच केली आहे: प्रेमकथा मध्यभागी हवी आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशेचा हवा. याला आमची साहित्यिक मंडळी हसतात. त्यांना शेवटी कोणीतरी गेल्याशिवाय कादंबरी गंभीर वाटत नाही. ज्या बाईनं दिवसभर असे शेवट पाहिलेत की जे कोणाच्याच हातात नव्हते, तिला घरी आल्यावर एक तरी शेवट खात्रीचा हवा असतो. यात कमीपणा कसला?

आता माझी तक्रार. ती लाल पट्ट्यांबद्दल नाही, निळ्यांबद्दल आहे.

रडवण्याचा एक ठरीव मसाला निघाला आहे. प्रत्येक नायकाला एक जखम. आई लहानपणी गेली, नाहीतर बाप मारायचा, नाहीतर भाऊ अपघातात गेला आणि गाडी हाच चालवत होता. ही जखम पुस्तकाच्या साधारण मध्यावर उघडते, नायिका त्याला कुशीत घेते आणि तो बरा होतो. औषध नाही, समुपदेशक नाही, वेळही लागत नाही. तोवर त्याने जो काही दुष्टपणा केला तो सगळा त्या जखमेच्या खात्यावर. भाचीची निळी पट्टी नेमकी तिथेच चिकटलेली असते.

आणि यातूनच पुढे तो काळा प्रकार येतो, ज्याला ही मुलं डार्क रोमान्स म्हणतात. नायक अब्जाधीश किंवा गुंडांच्या टोळीचा म्होरक्या. तिच्या फोनमध्ये तो काहीतरी बसवतो, त्यामुळे ती कुठे आहे ते त्याला कळतं. तिच्या घरात कॅमेरे लावतो. तिच्याशी बोललेल्या माणसाची बोटं मोडतो. हे सगळं म्हणे तिच्या काळजीपोटी. आपल्याकडे २०१३ पासून हा सरळ पाठलागाचा गुन्हा आहे, आताच्या भारतीय न्याय संहितेत कलम ७८. बाईच्या फोन-इमेलवर पाळत ठेवणंही त्यात येतं. अशा पुस्तकांच्या सुरुवातीला सावधगिरीची यादी असते, आत मारहाण आहे, जबरदस्ती आहे वगैरे. ती चांगली गोष्ट आहे. पण फुटपाथवर जी चोरटी छपाई मिळते, फिकट अक्षरांची, त्यात यादीचं पानच कधी कधी गायब असतं.

माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगते. तपासणीला आलेल्या एखाद्या गरोदर बाईच्या दंडावर चार निळसर ठिपके दिसायचे, ओळीने, आणि आतल्या बाजूला पाचवा. विचारलं की उत्तर सोबतची सासू द्यायची: न्हाणीघरात पाय घसरला. न्हाणीघराला बोटं नसतात. मग मी सासूला कापूस आणायला खाली पाठवायची. कपाटात कापूस भरपूर असायचा. ती परत येईपर्यंत जेवढा वेळ मिळेल तेवढ्यात त्या बाईशी बोलायचं. काही बोलायच्या, बऱ्याचशा नाही. एकीनं मला सांगितलं होतं, त्यांचा जीव आहे माझ्यावर, म्हणूनच एवढा राग येतो. हे वाक्य मी या पुस्तकांत जसंच्या तसं वाचलंय. तिथे ते नायिकेच्या तोंडी आहे आणि त्यापुढे बदामाचं चित्र आहे. लाल पट्टीच्या पानांनी कोणा मुलीचं फारसं वाईट होईल असं मला वाटत नाही. हे वाक्य मात्र सोळाव्या वर्षी डोक्यात घर करून बसलं तर काय होईल याची मला काळजी आहे.

सगळ्या लेखिका असं लिहितात असंही नाही. कॉलीन हूव्हर यांची 'इट एंड्स विथ अस' २०१६ ची. दुकानात ती प्रेमकथांतच मांडलेली असते, मुखपृष्ठावर फुलं. आत एका फुलवालीची आणि तिच्या डॉक्टर नवऱ्याची गोष्ट आहे. नवरा देखणा, हुशार, मेंदूचा सर्जन, त्यालाही लहानपणची जखम आहे, आणि तो हात उगारतो. शेवट सांगून टाकते, ज्यांना वाचायची असेल त्यांनी पुढची ओळ गाळावी. मुलीचा जन्म होतो आणि तिथेच, हॉस्पिटलच्या खोलीत, बाळाला घेतलेल्या नवऱ्याला ती विचारते की उद्या हिनं येऊन सांगितलं, माझ्या माणसानं मला मारलं, तर तू हिला काय सांगशील? आणि घटस्फोट मागते. लेखिकेनं ही गोष्ट आपल्या आईच्या आयुष्यावरून घेतल्याचं पुस्तकातच सांगितलंय. प्रसूतीच्या खोलीत घेतलेला असा निर्णय मी प्रत्यक्षात फार क्वचित पाहिला, म्हणून ते पान माझ्या लक्षात राहिलं. याच पुस्तकावर २०२३ मध्ये रंगवायची वही काढायचं घाटत होतं. टीका झाली तेव्हा ती मागे घेतली. बायकोला मारण्याच्या गोष्टीत रंग भरायचे! बाजार हा असा असतो. तो पुस्तक लिहिणारीच्याही हातात राहत नाही.

मुखपृष्ठांबद्दल बोलायलाच हवं. पूर्वी उघड्या छातीचा पुरुष असायचा, त्यामुळे आईला लांबूनच कळायचं. आता फिकट गुलाबी-निळ्या रंगात कार्टूनसारखी दोन माणसं, हातात कॉफीचे कप. ओळखीच्या एका बाईंनी आठवीतल्या मुलीला वाढदिवसाला चित्रं बघून असंच एक दिलं, चार मिरच्यांचं. इथे गृहस्थांशी माझं एकमत आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलींच्या कपाटात ही पुस्तकं नकोत. पण त्यावर उपाय कुलूप नव्हे, वेगळं कपाट आहे.

आता थोडं आमच्या गोव्याचं. ही इंग्रजी पुस्तकं गोव्यात घडतात तेव्हा नायक-नायिका मुंबई-दिल्लीहून येतात, समुद्रावर भांडतात, पावसात भिजतात आणि रविवारच्या विमानानं जातात. गोंयकार फक्त ट्रे घेऊन येतो. या मातीत प्रेमकथेला काय कमी आहे हो? लग्नाच्या नोंदणीसाठी आपल्याला दोनदा सह्या कराव्या लागतात. पहिली सही झाली की मधले दिवस जाऊ द्यायचे, मग दुसरी. त्या मधल्या दिवसांत कितीजणांचं मन फिरलेलं, कितीजणांचं घट्ट झालेलं आम्ही पाहिलंय. अख्खी कादंबरी आहे तिथे. नवरा बोटीवर, वर्षातले अनेक महिने फोनवरचा संसार, ही दुसरी. खाणी बंद पडल्यावर ट्रकचे हप्ते थकलेला डिचोलीचा मुलगा आणि बँकेत वसुलीचं काम करणारी मुलगी, ही तिसरी. आधी वैरी मग प्रियकर, साचासुद्धा तयार.

आणि तो अब्जाधीश. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर आमच्या गोव्याच्या कायद्यानं नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, निम्मी तिची. फोंड्याच्या निबंधकासमोर दुसरी सही झाली की त्याचं अर्धं साम्राज्य नायिकेचं. मग पाळत ठेवायची हिंमत करतो का बघूया.

मराठीत हे कोणी लिहीत नाही, ही माझी खरी खंत. फोनवरच्या ॲपांवर मराठी मुली प्रकरणा-प्रकरणानं लिहितात, मी वाचते, काहींचा हात चांगला आहे. पण छापील पुस्तकांत आमच्या भाषेतली बाई एकतर सोसते नाहीतर बंड करते. तिला कोणी आवडलं, तिनं ते बोलून दाखवलं, त्यानं नीट ऐकून घेतलं आणि पुढे दोघांचं बरं चाललं, एवढं साधं कोणाला लिहावंसं वाटत नाही. बाकीबाब बोरकर आमच्या बोरीचे. त्यांनी देहाच्या सुखाबद्दल कवितेत काही लपवून ठेवलं नाही आणि आम्ही त्यांना डोक्यावर घेतलं. गद्यालाच एवढं सोवळं का?

संपादक महोदय, आपल्याकडे माझी एक मागणी आहे. रविवारच्या पुरवणीत आपण पाककृतींपासून राशिभविष्यापर्यंत सगळं छापता. त्यात या पुस्तकांच्या परीक्षणासाठी एक कोपरा द्या. हजारो मुली वाचत असलेल्या पुस्तकांबद्दल आपल्या वर्तमानपत्रात एकही शब्द येत नाही आणि आलाच तर बंदीचा येतो. परीक्षण लिहिणारीनं मिरच्या किती ते खुशाल सांगावं, पण नायकाला नकार ऐकता येतो का, आणि नायिकेला त्याच्याशिवाय काही कामधंदा, मैत्रिणी, स्वतःचे पैसे आहेत का, हेही लिहावं. आयांना तेवढं पुरेल. ग्रंथपालबाईंनी प्रौढांसाठी एक कपाट वेगळं करावं आणि माझं राखून ठेवलेलं पुस्तक द्यावं. मी गुरुवारी येते आहे. गृहस्थांनाही विनंती, निदान एक तरी पुस्तक पहिल्या पानापासून वाचावं. त्यांच्या पत्रात नाव एकाही पुस्तकाचं नव्हतं.

पत्र लांबलं. जागेअभावी कापायचं झालं तर हॉस्टेलचा भाग कापा, सासूला कापूस आणायला पाठवण्याचा राहू द्या.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त परिचारिका
कवळे, फोंडा